विटेच्या पापात माझा वाटा किती?

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. वय अडतीस, तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. गावात नगर परिषदेची निवडणूक लागली आहे आणि नगराध्यक्षपदासाठी तिघं उभे आहेत. पहिले दोनदा सत्ता भोगून बसलेले. त्यांच्या काळात नळाला आठ दिवसांआड पाणी, कामं सगळी मेहुण्याकडे, एकच रस्ता तीन वर्षांत दोनदा केला आणि दोनदा उखडला. पण फोन उचलतात, आणि त्यांना कुणी घाबरत नाही. दुसरे वाळूतले. मोटारसायकलवरची पोरं, एसटी स्टँडसमोरच्या हातगाड्यांकडून हप्ता, दोन-तीन प्लॉटांची भानगड. शिवाय परवाच्या सभेत एका वस्तीचं नाव घेऊन ते म्हणाले, ‘निकाल लागू द्या, मग बघतो.’ तिसऱ्या अपक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका. ताईंनाही त्यांनी शिकवलंय. बाईंबद्दल गाव चांगलंच बोलतं आणि त्याच दमात म्हणतं, ‘पण येत नाहीत हो निवडून.’

घरात चार मतं आणि तीन तऱ्हा. सासरे म्हणतात, दगडापेक्षा वीट मऊ, पहिल्यालाच द्या. कॉलेजात जाणारी नणंद म्हणते, ‘वहिनी, तुमच्यासारख्यांच्या भीतीमुळेच बाई पडतात.’ नवरा म्हणतो, नोटा दाबायचा आणि मोकळं व्हायचं. ताई विचारतात, “विटेला मत दिलं आणि त्यानं पुन्हा खाल्लं, तर त्या पापात माझा वाटा किती?”

ताई,

तुमचा प्रश्न वाचून वाल्या कोळ्याची गोष्ट आठवली. नारदाच्या सांगण्यावरून वाल्या घरी येऊन विचारतो, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का? बायकापोरं सरळ नाही म्हणतात. लहानपणी मला ही गोष्ट वाल्याची वाटायची, आता ती घरच्यांची वाटते. रोज त्याच लुटीवर जेवायचं, हात धुवायचे आणि हिशोबाची वेळ आली की अंग काढून घ्यायचं. तुम्ही मत द्यायच्या आधीच वाटा विचारताय, म्हणजे तुम्ही त्या घरातल्या नाही. एवढं मनाशी ठेवा आणि पुढचं वाचा.

मतदानयंत्र आपल्याला एकच प्रश्न विचारतं: या नावांपैकी खुर्चीत कोण बसावं? चांगला माणूस कोण, तुमचा कोण, तुम्ही कुणाच्या, हे ते विचारत नाही. आपण मात्र मताला सोयरिकीसारखं वागवतो. घराणं बघायचं, पसंत पडलं तर होकार द्यायचा आणि मग जन्मभर त्या घराची बाजू घ्यायची. तुमची घालमेल इथूनच सुरू होते, असं मला वाटतं. विटेला मत दिलं तर तिच्या प्रत्येक टेंडरवर आपली सही पडली, असं तुम्ही धरून चाललाय. तशी ती पडत नाही. वाटा लागतो तो पुढे. मेहुण्याच्या कंत्राटातला डांबरी रस्ता सगळ्यांत आधी आपल्या गल्लीत आला आणि आपण गप्प बसलो, की तिथून.

पण म्हणून सासऱ्यांची म्हणही मी जशीच्या तशी घेणार नाही. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ हे माणूस बहुतेक वेळा विचार सुरू करताना म्हणत नाही, विचार संपवायचा असला की म्हणतो. वीट कुणासाठी मऊ आणि दगड कुणासाठी कठीण, हे त्या म्हणीत कुठेच नाही. ते शोधावं लागतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की उमेदवारांची शपथपत्रं तुमच्याच मशीनवरून गेली आणि ‘दोघांवरही गुन्हे आहेत, मग फरक काय?’ फरक तिथेच असतो, ताई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करणं उमेदवारांना भाग पडलं. ती माहिती सगळ्यांसाठी खुली आहे, तेव्हा वाचताना संकोच नको. गुन्ह्यांचा आकडा मोजू नका, जात बघा. रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली, मोर्चात सरकारी कामात अडथळा आणला, असले गुन्हे गावात पाण्यासाठी भांडणाऱ्या कुणाही कार्यकर्त्यावर असतात. खंडणी, फसवणूक, जागा बळकावणं, मारहाण, बाईमाणसाची छेड यांची जात वेगळी. खटला नुसता चालू आहे की शिक्षा झाली आहे, हेही बघा.

आणि शपथपत्रात जे नसतं तेही वाचायला शिकावं लागतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार द्यायला कुणी धजत नाही, त्याचा कागद बरेचदा कोराच असतो. त्याची चौकशी पोलीस ठाण्यात होत नाही, एसटी स्टँडसमोर होते. तिथे अंडाभुर्जीची, भज्यांची गाडी लावणारी एखादी बाई तुमच्या ओळखीची असेलच. संध्याकाळी गर्दी ओसरली की तिला विचारा. कोण चांगला हे विचारू नका, ते ती तोंडदेखलं सांगेल. विचारा, ‘कोण आला तर गाडी लावायची भीती वाटेल?’ मग ज्या वस्तीचं नाव सभेत घेतलं, तिथून तुमच्या दुकानात दाखल्यांच्या झेरॉक्सला येणाऱ्या कुणाला तरी हेच विचारा. आपल्यासारख्यांना दगड आणि वीट दोन्ही लांबून दिसतात, दोन्ही लालसर, दोन्ही वाईट. ज्याच्या डोक्यावर पडणार आहे त्याला वजन बरोबर माहीत असतं.

पैसे खाणारा आणि माणसं दाबणारा या दोघांना मी एका मापानं मोजत नाही. पैसे खाणाऱ्याविरुद्ध पुढच्या वेळी उभं राहता येतं, माहितीच्या अधिकारात कागद मागता येतो, पेपरात बातमी देता येते. दुसऱ्याच्या राज्यात हेच सगळं करायला माणसं घाबरू लागतात. म्हणजे नुसती पाच वर्षं जात नाहीत, पुढची निवडणूकही अर्धी हरलेली असते.

असा प्रसंग फक्त आपल्याच नशिबी आलाय असं नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात १९९१ साली गव्हर्नरपदाच्या शेवटच्या फेरीत एका बाजूला होते एडविन एडवर्ड्स, भ्रष्टाचाराच्या खटल्यातून सुटलेले पण नाव गेलेले. दुसऱ्या बाजूला डेव्हिड ड्यूक, काळ्या माणसांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा माजी म्होरक्या. लोकांनी गाड्यांवर स्टिकर लावले होते: ‘चोराला मत द्या. महत्त्वाचं आहे.’ एडवर्ड्स सुमारे ६१ टक्के मतं मिळवून निवडून आले. हा किस्सा सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. पुढचं असं, की त्या कारकिर्दीतल्या कॅसिनो परवान्यांच्या भानगडीत २००० साली एडवर्ड्स दोषी ठरले आणि बरीच वर्षं तुरुंगात होते. चोर चोरच निघाला. स्टिकर लावणाऱ्यांनी त्याला संत म्हटलंच नव्हतं, त्यामुळे त्यांची फसवणूकही झाली नाही. आणि ड्यूक गव्हर्नर झाला नाही तो नाहीच. आता या मतदारांचा पापात वाटा किती, तुम्हीच सांगा.

आता तुमच्या बाईंकडे येते. ‘निवडून येत नाहीत’ हे गावाला कुणी सांगितलं? बऱ्याच वेळा हे वाक्य दोन मोठ्या उमेदवारांच्या कार्यकर्त्यांकडून निघतं आणि चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत गावाचं मत होऊन बसतं. ते खरं आहे का, हे तपासायला तुमच्याइतकी सोयीची जागा कुणाकडे नाही. दिवसाला कितीतरी माणसं दुकानात येतात. प्रत झेरॉक्समधून निघेपर्यंत विचारा, ‘बाई निवडून येतील अशी खात्री असती, तर दिलं असतं का मत?’ चार दिवस विचारा आणि वहीत रेघा मारा. पाहणी काही शास्त्रशुद्ध होणार नाही, पण निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले, तर गावात बाईंना मतं आहेत, खात्री तेवढी नाही. तो आकडा बाईंच्या माणसांपर्यंत आताच पोचवा. मतदानाच्या आदल्या रात्री, लक्ष्मीदर्शनाच्या वेळेला, तो कुणाच्या उपयोगाचा नाही. रेघा चार-दोनच पडल्या तर नणंदेला वही दाखवा. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या गावच्या मंडळींसाठी जाता जाता एक गोष्ट. प्रत्येक स्वच्छ अपक्ष स्वतःहून उभा असतोच असं नाही, कधी तो उभा केलेला असतो. कुणाची तरी मतं खायला. प्रचाराच्या रिक्षाचं भाडं आणि भोंग्याचा खर्च कोण देतंय, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. तुमच्या बाईंची शंका मला येत नाही, पण नियम सगळ्यांना सारखा.

लढत चुरशीची आहे का, हेही बघायला हवं, कारण सासऱ्यांचा सल्ला चुरस असली तरच लागू पडतो. गावात हवा कुठली आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं कळतं. एक जण भरपूर पुढे असेल, तर बाईंना दिलेलं मत वाया जात नाही. उलट त्यांचा आकडा वाढतो आणि पुढच्या वेळी ‘येत नाहीत’ म्हणणाऱ्यांची जीभ जरा अडखळते. चुरस असेल तर मात्र जपून. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना बरोबर ५,९४६ अशी सारखी मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरला. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला, तिथे नोटाची मतं पंधरा हजारांहून जास्त होती. असले आकडे तोंडावर मारून ‘बघा, तुमच्यामुळेच’ म्हणणाऱ्यांचा मलाही राग येतो. मत न देणाऱ्यापेक्षा नको असलेला उमेदवार देणाऱ्या पक्षाला आधी जाब विचारायला हवा. पण राग आला म्हणून गणित बदलत नाही.

तुमच्या यजमानांचा नोटा. २०१३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि हे बटण आलं. त्याआधी कुणीच नको असेल तर केंद्रातल्या अधिकाऱ्याला तसं सांगून वहीत नोंद करावी लागे, म्हणजे गुप्तता संपली. तेव्हा हे बटण फुकट मिळालेलं नाही, त्याची टिंगल नको. पण त्याचा जोर किती, तेही बघा. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, सत्तावीस हजारांहून जास्त मतं. २०२४ मध्ये इंदूरला नोटाला दोन लाख अठरा हजारांवर मतं पडली. दोन्हीकडे निवडून यायचा तो आलाच, कारण लोकसभा-विधानसभेत नोटानं निकाल बदलत नाही. स्थानिक निवडणुकांसाठी आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ साली आदेश काढला, की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे तुमच्याकडे नोटाला दात आहेत, पण ते चावण्यासाठी अख्खं गाव एकत्र यायला हवं. घरातल्या चार मतांचा नोटा दगडाला लागत नाही.

मी स्वतः एका पालिका निवडणुकीत ‘दोघंही नकोत’ म्हणून घरीच बसले होते. सुट्टी होती, दिवसभर मटार सोलले. निवडून आलेल्या गृहस्थांनी सहा महिन्यांत आमच्या कोपऱ्यावरची वाचनालयाची खोली रिकामी करून तिथे स्वतःचं संपर्क कार्यालय थाटलं. मत दिलं नाही म्हणून माझा बोलायचा हक्क गेला नव्हता, तो कुणाचाच जात नाही. पण तोंड उघडलं की ते मटार आठवायचे.

तरीही नोटा कधी दाबावा, हे प्रत्येकानं आधी ठरवून ठेवावं. एक रेघ अशी असावी, की तिच्या खालच्या माणसाला समोर कितीही मोठा दगड असला तरी मत नाही. माझी रेघ सांगते: ज्यानं मतांसाठी माणसांवर माणसं घातली, आणि ज्याच्या हातून बाईवर अत्याचार झाल्याचं मला माहीत आहे. तुमची वेगळी असेल. ती आज, शांत डोक्यानं आखा. प्रचार तापला की सगळ्याच रेघा खाली सरकतात. तुमच्या पत्रावरून तरी वीट त्या रेघेच्या वर आहे.

सासऱ्यांना आणखी एक गोष्ट विचारा. वीट निकालानंतर दगडाच्याच ढिगात जाऊन बसली तर? २०१९ पासून महाराष्ट्रानं काय काय पाहिलं ते मी तुम्हाला सांगायला नको. ‘त्याला अडवायला याला मत’ या हिशोबात याने त्याच्यासमोर उभं राहायचं हे गृहीत असतं. ज्यानं दहा वर्षांत तीन झेंडे बदलले, किंवा ज्याच्या मेहुण्याचे आणि वाळूवाल्याचे ट्रक एकाच खडीक्रशरवर भरतात, त्याच्यावर हे मत खर्च करण्यात अर्थ नाही. तिथे वीट आणि दगड एकाच भट्टीचे, आणि मग मत बाईंनाच.

आणि विटेचं भांडवल काय असतं, तर दगडाची भीती. समोर दगड आहे तोवर आपल्याला काही करावं लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. सासऱ्यांची म्हण गेल्या दोन्ही निवडणुकांत ऐकली असेल तुम्ही. म्हणून तुमचं मत फुकट देऊ नका. पाकीट घ्या म्हणत नाही मी! मतदानाच्या आधी, उमेदवार दारोदार फिरतोय तेव्हा, गल्लीतल्या दहा-बारा बायका मिळून त्याला ओट्यावर बसवा, चहा द्या आणि दोनच गोष्टी मागा. पाणी आठऐवजी किती दिवसांआड आणि कोणत्या महिन्यापासून, आणि गाडीवाल्यांच्या जागांचं काय. मोघम ‘करू की ताई’ला हो म्हणू नका. त्याच्या लेटरहेडवर, तारखेसह घ्या. नाही म्हणाला तर तेही कळलं.

हे सगळं नगराध्यक्षाच्या एका मताबद्दल झालं. नगर परिषदेत नगराध्यक्ष थेट आपण निवडतो आणि साधारण एका प्रभागात दोन सदस्य असतात, म्हणजे तुमच्या हातात तीन मतं आहेत. पॅनेलवाले ‘तिन्ही बटणं एकाच चिन्हाची’ म्हणून घसा कोरडा करतील, पण तसं काही बंधन नाही. नगराध्यक्षाचं मत भीतीचं गणित करून दिलंत, तरी प्रभागातली दोन मनासारखी द्या. तिथे मतदार थोडे, उमेदवार गल्लीतले, आणि ‘येत नाही’ म्हणून सोडून दिलेला माणूस खरोखर येऊ शकतो. सर्वसाधारण सभेत उभं राहून टेंडर विचारणारे चार सदस्य असले, तर विटेलाही जरा सांभाळून खावं लागतं. नणंदेचा उत्साह या दोन मतांकडे वळवा. तिला बाईंसाठी खरंच काही करायचं असेल, तर निकालानंतर दर महिन्याला सभेचं इतिवृत्त मागायचं काम तिच्याकडे द्या. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. झेरॉक्स घरचीच.

तुम्ही कुणाला मत दिलं हे घरात सांगायलाच हवं असंही नाही. सासऱ्यांना नाही, नणंदेला नाही. बोटाची शाई दाखवा आणि भाकरी थापायला घ्या.

मला सरळ विचारलंत म्हणून माझा कौल सांगते. सभेत वस्तीचं नाव घेऊन धमकी दिली, तिथेच माझं ठरलं. चुरस असेल आणि वहीतल्या रेघा कमी पडल्या, तर मी तुमच्या जागी नगराध्यक्षाला वीट दाबीन, प्रभागात मनाजोगती दोन माणसं, आणि बाईंच्या घरी जाऊन त्यांना हे तोंडावर सांगून येईन. त्या शिक्षिका आहेत, रागावतील, पण समजतील. यानंतर वॉट्सअ‍ॅपवर मात्र विटेच्या बाजूनं एक ओळ लिहायची नाही. कुणी म्हणालं, ‘तुम्हीच निवडून दिलंत ना?’ तर म्हणायचं, ‘हो, म्हणूनच विचारतोय.’

आणि ओट्यावर लिहून घेतलेला तो कागद, पाण्याच्या तारखेचा. त्याची मोठ्या आकारात प्रत काढा, लॅमिनेट करा आणि दुकानाच्या काचेला आतून चिकटवा. तहसीलला येणारा प्रत्येक माणूस रांगेत उभा राहून वाचेल. लॅमिनेशनचे पैसे मी पाठवते.